मांजर आणि मांडलेला बुद्धिबळाचा पट: माप देऊन करून घेतलेल्या ॲक्रिलिकच्या झाकणाचा रिव्ह्यू

घरात मांजर आहे आणि बुद्धिबळाचा पटही कायम मांडलेला असतो अशा लोकांसाठी हे लिहितेय. बाकीचे म्हणतील की एवढं काय त्यात, खेळून झालं की सोंगट्या डब्यात भरायच्या आणि डबा कपाटात. पण आमच्याकडे डाव एका बैठकीत संपतच नाही. बाबा मूळचे सांगलीचे, तरुणपणी तिथल्या नूतन बुद्धिबळ मंडळात खेळलेले, आणि त्यांचे एक जुने मित्र अजून तिकडेच राहतात. दोघं फोनवर खेळतात. आज संध्याकाळी इकडून एक चाल, उद्या तिकडून एक, मध्येच काकांना बरं नसलं की आठवडा आठवडा काहीच नाही, पट तसाच. मोबाईलवर खेळा म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं पण बाबा म्हणतात स्क्रीनवरचा पट त्यांच्या डोक्यात बसत नाही, जाता येता बाजूला उभं राहून बघायला पाहिजे, आणि मला ते पटतं.

त्यात भर म्हणजे माझी भाची. २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री ही बुद्धिबळाची मोठी स्पर्धा झाली, कोनेरू हंपी जिंकली, तेव्हापासून तिला वेड लागलं आणि पुढे जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला फायनलमध्ये हंपीलाच हरवून वर्ल्डकप घेतला आणि त्यावरच थेट ग्रँडमास्टर झाली, मग तर विचारूच नका. ती शनिवार-रविवारी आली की त्या मॅचमधले डाव पटावर लावून बसते, अर्धवट सोडून जेवायला येते, जेवून परत बसते. तर सांगायचं हे की आमच्या हॉलमधला पट रिकामा असा कधी नसतोच.

आणि दोन मांजरं. गुंड्या आणि ठमी. ठमी शहाणी आहे, लांबून बघते. गुंड्या बोका आहे, साडेपाच किलोचा, आणि त्याला प्यादं पाडायला आवडतं. धक्का लागून नाही हं, मुद्दाम. पुढचा पंजा हळूच लावायचा, प्यादं थोडं सरकलं की थांबायचं, आपल्याकडे बघायचं, परत लावायचा, कडेला नेऊन खाली टाकायचं, आणि मग त्या टाईल्सवरून घरंगळत जाणाऱ्या प्याद्यामागे धावायचं. दिवाणाखालून सोंगट्या काढणं हे आमच्या घरात रोजचं काम होऊन बसलं होतं. आणि नुसती सोंगटी सापडून भागत नाही, ती कुठल्या घरात होती हे आठवायला पाहिजे ना. बाबा आणि काका दोघांचं उंट सी४ला होता की बी३ला यावरून फोनवर जे चालायचं ते ऐकून वाईट वाटायचं, कारण डाव दोघांच्याही खूप जिवाभावाचा असतो.

आता रिव्ह्यू कशाचा, तर पेठेतल्या ॲक्रिलिकवाल्याकडून माप देऊन करून घेतलेल्या झाकणाचा. पाच बाजू बंद, खालून उघडी, पारदर्शक पेटी, पटावर पालथी घालायची. घेऊन बरेच महिने झालेत, उन्हाळा पावसाळा दोन्ही काढलेत, त्यामुळे आता ठामपणे सांगू शकते की आम्ही जे जे केलं त्यात हे एकच चाललं. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला ते येईलच पुढे.

आधी बाकीचे उपाय काय काय आणि ते का सोडले ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

मॅग्नेटिक पट सगळ्यात आधी सुचतो सगळ्यांना. प्रवासाला छान आहे पण घरी नको, एकतर सोंगट्या एवढ्याशा असतात की बाबांसारख्या सत्तरीच्या माणसाला उंट आणि प्यादं वेगळं ओळखायला वाकावं लागतं, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, मांजराने त्यातलं तळाचं लोहचुंबक चावून सुटं केलं आणि गिळलं तर ते जिवावरचं आहे. एक गिळलं तर कदाचित निघून जाईल पण दोन गेली तर आतड्याच्या दोन घड्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि भोक पडू शकतं, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. कुत्र्यांना आणि लहान मुलांनाही हाच धोका. त्यामुळे स्वस्तातला, तळाला चुंबक नुसतं चिकटवलेला सेट मांजराच्या घरात आणूच नका, प्लीज.

सोंगट्यांच्या तळाला ती निळी चिकटमाती लावा असं बरेच जण सुचवतात. त्याने सोंगटी धरते हे खरं, पण चाल करताना प्रत्येक वेळी उपटायची, परत दाबायची, आणि तळाला जे फेल्ट, म्हणजे मऊ जाड कापड, असतं त्याच्या तंतूंमध्ये ती माती जाऊन बसते ती निघत नाही. लाकडी पटावर तेलकट डाग पडतात ते वेगळंच. चांगल्या सेटवर नका करू.

संत्र्याची सालं. मांजरांना लिंबू-संत्र्याचा वास नको असतो हे खरंच आहे, गुंड्या ताज्या सालीपासून तोंड फिरवून गेला. पण साल वाळली की वास गेला आणि वास गेला की गुंड्या हजर. यावर कुणी सांगेल की मग संत्र्याचं इसेन्शियल ऑईल शिंपडा, तर ते अजिबात करू नका. मांजराच्या लिव्हरला ही असली तेलं पचवून बाहेर टाकणं नीट जमत नाही, आणि मांजर पंजा चाटतंच, म्हणजे तेल सरळ पोटात. डॉक्टरांनीही आम्हाला हेच सांगितलं.

टेबलाच्या कडेला डबल साईड टेप लावली होती. पंजाला चिकटपणा लागलेला मांजराला सहन होत नाही म्हणून दोन-तीन दिवस फार छान चाललं, नंतर टेपवर धूळ आणि त्याचेच केस बसले आणि चिकटपणा संपला. परत परत लावत बसावं लागतं आणि हॉलमधलं टेबल विचित्र दिसतं. पाण्याचा स्प्रे मारण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, त्याने मांजर पटाला नाही, आपल्याला घाबरायला लागतं.

आणि ती अन्नावर झाकायची जाळीची छत्री, घडी होणारी, ती पण लावून बघितली. दिसायला बरोबर मापाची वाटली पण वजन काहीच नाही, गुंड्याने नाकानेच उचलली, आणि जाळीत नख अडकल्यावर तो घाबरून पळाला तो जाळी आणि निम्मा पट घेऊनच. त्या दिवशी एका घोड्याचा कान तुटला. सेट अमृतसरचा आहे, शिसम आणि बॉक्सवुड, बाबांना रिटायरमेंटला मित्रांनी मिळून दिलेला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हाताने कोरलेले लाकडी स्टाँटन सेट, म्हणजे स्पर्धांमध्ये असतात त्या घडणीचे, जगभर जे जातात त्यातले कितीतरी अमृतसरला होतात, आणि सेटमध्ये सगळ्यात जास्त मेहनत घोड्यावर असते कारण बाकीच्या सोंगट्या मुख्यतः लेथवर फिरवून होतात, घोड्याचं तोंड, आयाळ, कान हे सगळं माणूस बसून कोरतो. तो एवढासा कान, नखाएवढा तुकडा, मी बॅटरी घेऊन शोधला आणि बाबांनी फेव्हिकॉलने बसवला, नीट बघितलं तर अजून रेघ दिसते.

वजनदार सेट घेतला की प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. आमचा वजनदारच आहे, तळात धातू भरलेला. शेपटीचा फटका लागला तर त्याने नक्की फरक पडतो, सोंगटी डुलते आणि परत उभी राहते. पण पंजापुढे वजन काही कामाचं नाही. कारण तळाला फेल्ट आणि खाली पॉलिश केलेलं लाकूड, म्हणजे सोंगटी मुद्दाम सरकायला सोपी केलेली असते, खेळणाऱ्यासाठी, आणि ते मांजरालाही तेवढंच सोपं जातं.

मांजरं हे का करतात ते जरा समजून घेतलं की राग निम्मा होतो. छोटी वस्तू, पंजा लावला की हलते, हे त्यांच्या हिशोबाने शिकारीसारखंच आहे, जिवंत आहे का मेलंय हे पंजाने तपासायची त्यांची पद्धतच ती. त्यात वस्तू खाली पडली की आवाज होतो, घरंगळते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे माणूस धावत येतो. एरवी लक्ष न देणारा माणूस प्यादं पाडलं की लगेच उठून येतो हे मांजराला फार लवकर कळतं. आणि मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त उत्साहात असतात, म्हणजे नेमकी आपण झोपलेले असतो ती वेळ आणि बाबा-काकांची फोनची वेळ. त्यामुळे मांजराला शिकवून सुधारू हा विचार मी सोडून दिला. त्याने काही चूक केलेलीच नाही. पटच झाकायला पाहिजे.

तसं मांजर आणि बुद्धिबळ यांचं जमतही असावं. वर्ल्ड चॅम्पियन अलेखाइनकडे सयामी मांजर होतं आणि त्याचं नावच त्याने चेस ठेवलं होतं, १९३५च्या युव्हेविरुद्धच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचला पण ते त्याच्याबरोबर होतं. बाबा हे गुंड्याला मांडीवर घेऊन प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

आता झाकण. तयार मिळतं का तर ऑनलाईन शोकेस मिळतात, बाहुल्यांच्या आणि गाड्यांच्या मॉडेलच्या, पण पटाच्या मापाची मला मिळाली नाही आणि मिळतात त्या फार उंच असतात. आपल्या पुण्यात ॲक्रिलिकवाल्यांना तोटा नाही, नेमप्लेट, ट्रॉफ्या, दुकानाचे एलईडी बोर्ड करणारे छोटे छोटे गाळे नारायण पेठ, शनिवार पेठ, सदाशिव पेठ सगळीकडे आहेत, तुमच्या जवळचा कुठलाही चालेल. आम्ही गेलो त्या गाळ्यात दोनच माणसं, एक दादा लेझर मशीनवर आणि एक वयस्कर काका जोडकामाला. मी सांगितलं मांजरासाठी पाहिजे, तर दादांना वाटलं मांजर आत ठेवायचंय. मग भोकं किती पाडायची वगैरे विचारायला लागले. पट आणि मांजर दोघांचेही फोटो दाखवले तेव्हा काका पुढे आले आणि म्हणाले, "ताई, वर बसणार ना हा? मग तीन एमएम नका घेऊ, वाकेल. पाच घ्या." हा सल्ला लाख मोलाचा ठरला कारण गुंड्या पहिल्या दिवसापासून त्यावरच बसतो.

मापाचं नीट सांगते कारण सगळा खेळ त्यातच आहे. फिडे म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, तिच्या हिशोबाने राजा साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो आणि घर पाच ते सहा सेंटीमीटरचं. आमचं घर साडेपाचचं, म्हणजे आठ घरांचे चव्वेचाळीस, आणि चारी बाजूंनी तीन-तीनची लाकडी पट्टी, असा पट पन्नास बाय पन्नास. पेटी आतून बावन्न बाय बावन्न केली, म्हणजे प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर मोकळं. त्याहून घट्ट करू नका, ठेवताना कड पटावर आपटते आणि सगळं हलतं. त्याहून सैल पण नको, नाहीतर मांजराने बाहेरून ढकलली की पेटी सरकत येऊन कडेच्या हत्तीला लागते. उंची आतून साडेतेरा, म्हणजे पटाची जाडी धरूनही राजाच्या डोक्यावर थोडी मोकळी जागा राहते. ही जागा चैन म्हणून नाही, पेटी उचलताना आपला हात कधी एकदम सरळ वर जात नाही, थोडी तिरकी होतेच, तेव्हा राजाचा क्रॉस वाचतो.

या मापाची पाच एमएमची पेटी साधारण साडेतीन किलोची होते. तीन एमएमची केली असती तर दोन किलोच्या आसपास झाली असती, उचलायला हलकी, पण मांजरानेही उचलली असती. काचेची करायचा विचार आला होता, पण काच ॲक्रिलिकच्या दुपटीहून जड, आणि फुटली तर काय होईल ते सांगायला नको. खर्च आम्हाला अडीच हजाराच्या आत आला, त्यात कडा पॉलिश करून घेतल्या. त्या मात्र आवर्जून करून घ्या, दोनशे-तीनशे वाचवायला जाऊ नका. लेझरने कापलेली कड गुळगुळीत दिसते पण कोपरे बोटाला लागतात, आणि मांजर तिथेच गाल घासतं. काकांनी वरचे चारी कोपरे थोडे गोल करून दिले, न सांगता.

खालच्या कडेला सिलिकॉनचे पारदर्शक छोटे ठिपके लावलेत, कपाटाच्या दाराला आवाज होऊ नये म्हणून लावतात ते, बोहरी आळीत पाकीट मिळतं. त्याने पेटी टेबलावर घसरत नाही. फक्त जाड ठिपके नका घेऊ. कारण गुंड्याने काय केलं, पहिल्या रात्री पेटीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग आडवा झाला, गाल टेबलाला टेकवून डोळा फटीला लावला, आणि पंजा पालथा करून फटीत घालायला लागला. नखं आत गेली, पंजा गेला नाही. मी श्वास रोखून बघत होते. बराच वेळ प्रयत्न केल्यावर उठला, पेटीवर उडी मारली, दोनदा स्वतःभोवती फिरला आणि वजिराच्या बरोब्बर वर बसला. आत एक प्यादं हललं नाही! बाबांनी त्याच रात्री सांगलीच्या काकांना फोन करून सांगितलं की आता डाव सुरक्षित आहे.

उजेडाचं म्हणाल तर ॲक्रिलिकमधून ब्याण्णव टक्के प्रकाश आरपार जातो, साध्या काचेइतका किंवा थोडा जास्तच, त्यामुळे पट झाकलेला आहे असं वाटत नाही. बाबा येता जाता उभे राहून बघतात तसेच बघतात. फक्त ट्यूबलाईट बरोबर वर असेल तर तिची रेघ वरच्या शीटवर दिसते, टेबल थोडं बाजूला घेतलं की गेली.

आता तक्रारी, म्हणजे तो अर्धा मार्क.

केस. ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसलं की त्यावर स्टॅटिक तयार होतं आणि मांजराचे केस उडत येऊन चिकटतात, जेवढं पुसाल तेवढे जास्त. ओलसर मायक्रोफायबरनेच पुसायचं, पाण्यात अगदी थेंबभर भांड्यांचा साबण, बास. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काही लावू नका, अल्कोहोल आणि अमोनियाने ॲक्रिलिकला बारीक बारीक भेगा पडतात, एकदा पडल्या की जात नाहीत, आणि विशेषतः जोडाच्या जागी लवकर पडतात. पेपरने पुसलं तर चरे. वरच्या बाजूला गुंड्याच्या नखांचे बारीक चरे आलेच आहेत, तिरक्या उजेडात दिसतात, त्याला इलाज नाही. आम्ही आता वर एक जुन्या नऊवारीची घडी टाकतो रात्रीची, त्याला बसायला मऊ आणि पेटीला आधार.

दुसरी तक्रार उचलण्याची. साडेतीन किलो म्हणजे फार नाही, पण अर्धा मीटर रुंद वस्तू दोन्ही हातांनी सरळ वर उचलून बाजूला ठेवायची, दिवसातून एक-दोनदा, आणि ते करताना खाली आठवडाभर जपलेला डाव. बाबांचा खांदा दुखतो म्हणून ते एकटे उचलत नाहीत, मी किंवा आई हात लावतो. दोन बाजूंना हात घालायला खाचा ठेवता येतील असं दादा म्हणाले होते, पण खाच म्हणजे मांजराला दार, म्हणून आम्ही वरच्या शीटवर दोन नॉब लावून घेतले, आतून स्क्रू आणि मोठा वॉशर. ज्यांच्याकडे म्हातारी माणसं एकटी खेळतात त्यांनी एक बाजू बिजागरीची करून घ्यावी का याचा विचार जरूर करा, खर्च थोडा वाढेल, पण पेटी उचलावी लागणार नाही, समोरचं दार उघडून चाल करता येईल. परत करायची वेळ आली तर मी तशीच करेन. मात्र दाराला चांगली कडी पाहिजे, मांजराला दार उघडायला शिकायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा किती दमट असते माहीतच आहे, बंद पेटीत लाकूड आणि फेल्ट ठेवलं की कोंदट वास येतो आणि फेल्टवर बुरशी धरू शकते. आम्ही मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, वरच्या अंगाला सहा-सात एमएमची भोकं पाडून घेतली होती सुरुवातीलाच, त्यात पंजा जात नाही आणि हवा खेळते. शिवाय बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या पटाच्या कडेला ठेवतो, पेटीच्या आत, म्हणजे मांजराच्या तोंडाला लागत नाहीत. पट उन्हात मात्र ठेवू नका, लाकूड वाकतं.

झाकण असलं तरी पोझिशन लिहून ठेवायची सवय सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. पेटी उचललेली असताना, चाल करायच्या दोन मिनिटांत, गुंड्या कुठूनही येऊ शकतो. स्पर्धेत सुद्धा सोंगट्या हलल्या तर आधीची पोझिशन लावायची आणि पुढे खेळायचं असाच नियम आहे, पण त्यासाठी आधीची पोझिशन माहीत पाहिजे. बाबा वहीत चाली लिहितात, दोन्ही बाजूंच्या, तारखेसकट. भाची मोबाईलवर बरोबर वरून फोटो काढते, पांढऱ्याची बाजू खाली धरून, म्हणजे नंतर बघताना ए१ कुठला आणि एच८ कुठला हा घोळ होत नाही. तिने तर बाबांचा चालू डाव लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाईटवर भरून ठेवलाय, गुपचूप, काही झालंच तर असावा म्हणून.

आणि मांजराच्या बाजूनेही थोडं करायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पट त्याच्याकडून काढून घेतला तर त्याच्या बदल्यात काहीतरी द्या ना. आम्ही खिडकीशी एक फळी ठोकली, बाहेर आंब्यावर खारी असतात त्या दिसतील अशी. आणि रात्री झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं त्याच्याशी काठीला बांधलेल्या दोरीने दमेपर्यंत खेळायचं आणि मग खायला द्यायचं, याच क्रमाने. शिकार, मग जेवण, मग अंग चाटून झोप, हा त्यांचा क्रम असतो, तो पूर्ण झाला की पहाटेचा धुडगूस खूप कमी होतो. हे नसतं केलं तर त्याने पेटीऐवजी फुलदाणी धरली असती. घरंगळणारं काहीतरी त्याला हवंच असतं, तर त्याच्यासाठी वेगळी लाकडी गोटी ठेवलीये, दिवाणाखाली गेली तरी कुणाचा डाव मोडत नाही.

ज्यांचा पट लहान आहे, प्लास्टिकचा आहे, डाव अर्ध्या तासात संपतो, त्यांनी यात पैसे घालायची काही गरज नाही, डबा आणि कपाट पुरे आहे. रेक्झिनचा किंवा व्हिनाईलचा गुंडाळायचा पट असेल तर ही पेटी त्यावर ठेवता येते पण कड टेकवताना पट ओढला जातो, आधी खाली एक प्लायवूडचा तुकडा घ्या. भिंतीवरचे पट मिळतात, कप्प्यांमध्ये सोंगट्या उभ्या ठेवायचे, ते एका मैत्रिणीकडे बघितले, छान दिसतात आणि फोनवरच्या संथ डावाला चांगले आहेत, पण बोक्याची उडी सहज पाच-सहा फूट जाते आणि खालचा कप्पा त्याच्या नाकासमोर येतो, सोफ्याच्या वर तर लावूच नका.

ऑर्डर द्यायला जाल तेव्हा पटाचं माप दोन्ही बाजूंनी स्वतः घ्या, हाताने केलेला पट दर वेळी अगदी चौरस नसतो. राजा बरोबर घेऊन जा. जोड झाल्यावर एक दिवस तिथेच राहू द्या, लगेच आणली की केमिकलचा वास येतो, तो मांजराला आणि आपल्यालाही त्रासदायक. आणताना टू-व्हीलरवर मांडीत धरून आणायच्या भानगडीत पडू नका, लक्ष्मी रोडच्या गर्दीत कोपरा कुठेतरी लागतोच, सरळ रिक्षा करा आणि खाली जुनी चादर घाला. आणि गणपतीच्या आधीचा महिना टाळा, सगळे ॲक्रिलिकवाले तेव्हा मखरांच्या आणि मंडळांच्या कामात बुडालेले असतात, तुमची पेटी मागे पडते. अनंत चतुर्दशी झाली की आठवड्याभरात जा, तेव्हा काका निवांत बसून प्रत्येक कोपरा घासून देतात.